चिंच, छर्रे आणि आजोबांची राजदूत

अंगणाच्या कोपऱ्यात, गोठ्याशेजारी नाहीतर जिन्याखाली एखादी म्हातारी मोटारसायकल उभी आहे का तुमच्याकडे? सीटमधला स्पंज उंदरांनी पळवलेला, दोन्ही टायर बसलेले, आरशामागे कोळ्याने संसार थाटलेला? वऱ्हाडात अशा गाड्या गावोगावी भेटतात. कुणाकडे राजदूत असते. तिचा मूळ आराखडा पोलंडचा, पण ती बनायची फरीदाबादला आणि दुधाच्या कॅनपासून खताच्या पोत्यापर्यंत काहीही वाहायची. कुणाकडे म्हैसूरची येझदी असते. तिचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी तिचे भक्त काही कमी झाले नाहीत. कुणाकडे आरएक्स हंड्रेड. आणि १९७२ मध्ये आलेली आपली महाराष्ट्राची लुना तर ज्याच्या त्याच्या मामाकडे होती!

अशी गाडी पुन्हा चालू करायची म्हटलं की टायर नवे मिळतात, बॅटरी नवी मिळते, प्लग तर कुठेही मिळतो. घोडं अडतं ते टाकीपाशी. गाडी किकला सुरू होते, गल्लीच्या टोकापर्यंत जाते आणि फुस्स करून बंद पडते. गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं, "कचरा आला." हा कचरा म्हणजे टाकीतल्या गंजाचे कण. कार्बोरेटरमध्ये ‘स्लो जेट’ नावाचा पितळेचा चिमुकला भाग असतो. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. गंजाचा एक कण तिथे जाऊन बसला की गाडीचं पेट्रोल तोडलंच म्हणून समजा.

मिस्त्री टाकी सोडवून घेतो, कानाशी धरून हलवतो. आतून खुळखुळ ऐकू आली की म्हणतो, "कायले फेकता राजेहो? पत्रा मजबूत हाय. आतून साफ करू, अजून धा वर्सं चालन."

थांबा, थांबा. टाकीत असतं पेट्रोल. पेट्रोलमध्ये बुडालेला पत्रा सहजासहजी गंजत नाही. मग टाकीच्या पोटात गंज शिरलाच कुठून?

टाकी हवा आत घेते

गंज लागायला दोघं हजर असावे लागतात, पाणी आणि ऑक्सिजन. दोघांपैकी एक जरी गैरहजर असला तरी लोखंड शाबूत राहतं. भरलेल्या टाकीत या दोघांना जागाच नसते. जागा मिळते ती टाकी अर्धी किंवा पूर्ण रिकामी झाल्यावर.

टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली इंजिनाकडे जाऊ लागलं की त्याच्या जागी हवा आत यावी, म्हणून ते मुद्दाम ठेवतात. गाडी उभी असली तरी हे भोक आपलं काम करतच राहतं. दुपारी टाकी तापते, आतली हवा फुगते, थोडी बाहेर जाते. रात्री टाकी निवते, हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते.

किती हवा? हिशोब करूया. समजा, दहा लिटरची रिकामी टाकी आहे. सकाळी ती १५ अंशांवर होती आणि दुपारी उन्हात ४५ अंशांवर गेली. तेवढ्यात आतली हवा सुमारे दहा टक्क्यांनी फुगते. म्हणजे जवळजवळ एक लिटर हवा बाहेर, आणि रात्री तेवढीच परत आत! अकोल्याला मे महिन्यात सावलीतला पारासुद्धा ४५ च्या वर चढतो. उन्हातल्या काळ्या टाकीला तर हात लावून दाखवा!

उन्हाळ्यात ही हवा कोरडी असते, तोवर फारसं बिघडत नाही. पण पावसाळा लागला की तीच हवा ओलावा घेऊन येते. २५ अंशांच्या अगदी दमट हवेत लिटरमागे ०.०२ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा. म्हणजे दोन-तीन रात्रींत एका थेंबाएवढी वाफ टाकीत येऊन जाते. त्यातली काही थंड पत्र्यावर दवासारखी बसते आणि ओघळून खाली जाते. पावसाळा चार महिन्यांचा, तेव्हा पुढचं गणित तुम्हीच करा.

खाली गेलेलं पाणी पेट्रोलमध्ये मिसळत नाही. ते पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी जाऊन बसतं. आणि मोटारसायकलच्या टाकीला तळ एक नसतो, दोन असतात! टाकीखालून गाडीची मुख्य नळी जाते. त्यामुळे टाकीला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन कप्पे पडतात. पेट्रोलचा कॉक बहुधा एकाच कप्प्याला असतो. दुसऱ्या कप्प्यात साचलेल्या पाण्याला बाहेरची वाटच नाही. टाकीला पहिलं भोक बहुतेक वेळा याच कप्प्याच्या तळाशी, पत्र्याच्या जोडावर पडतं. तुमच्या घरची टाकी सोडवली तर तिथेच आधी बघायला सांगा.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला पाण्याचं फार प्रेम. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे वाढलं की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं. म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीच्या टाकीकडे पूर्वीपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं.

गंज ही घाण नव्हे

भांड्याला खरकटं लागतं, सदऱ्याला चिखल लागतो. तो धुतला की भांडं तेवढंच, सदरा तेवढाच. गंजाचं तसं नाही. गंज बाहेरून येऊन चिकटत नाही. टाकीचा पत्राच गंज होतो. सात ग्रॅम लोखंडाला तीन ग्रॅम ऑक्सिजन मिळाला की दहा ग्रॅम आयर्न ऑक्साइड तयार होतं, आणि त्यात पाणी मुरतं ते वेगळंच. म्हणजे मिस्त्री टाकीतून मूठभर लाल भुकटी काढतो, तेव्हा त्या मुठीत बराचसा तुमच्या टाकीचाच पत्रा असतो. आणि पत्रा असतो किती जाड? जेमतेम एक मिलिमीटर!

ॲल्युमिनियमलाही हवेतला ऑक्सिजन लागतो. पण त्यातून बनणारा ऑक्साइडचा थर पातळ आणि घट्ट असतो, तो पुढच्या ऑक्सिजनला आत येऊ देत नाही. म्हणून घरातली ॲल्युमिनियमची पातेली वर्षानुवर्षं टिकतात. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, सुटतो, भेगाळतो. मे महिन्यातलं कपाशीचं रान आठवा. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, आणि मृगाचा पहिला पाऊस त्यांतून थेट खोल जातो. गंजाच्या थरातूनही पाणी आणि हवा तशीच थेट खालच्या चांगल्या लोखंडापर्यंत पोचते. म्हणून गंज लागला की थांबत नाही.

त्यात पाणी खारं असेल तर बघायलाच नको. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या भागांत राहणाऱ्यांना तो सांगायला नको. तिथलं विहिरी-बोअरचं पाणी तोंडात घेतलं की कळतं. गंज चढताना लोखंडाच्या एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे अगदी बारीक वीज वाहत असते. साध्या पाण्यातून ती रखडत जाते, खाऱ्या पाण्यातून धावत. म्हणून या गावांत टाकी धुवायला बोअरचं पाणी घेऊ नये. शेवटचा हात तरी फिल्टरच्या किंवा पावसाच्या पाण्याचा द्यावा.

तर खरा प्रश्न असा आहे: गंज काढायचा, पण त्याच्याखालचं लोखंड वाचवायचं. कसं?

पहिला उपाय: छर्रे

सगळ्यात जुना उपाय हाताच्या जोराचा. टाकीत मूठभर नट-बोल्ट, सायकलचे जुने छर्रे किंवा साखळीचा तुकडा टाकायचा, थोडं साबणाचं पाणी घालायचं, तोंड बंद करायचं आणि टाकी हलवायची. डावीकडे, उजवीकडे, उलटी, सुलटी. दहा मिनिटांत मिस्त्रीच्या शर्टाला घाम आणि टाकीतून लाल चहा! छर्रे टाकताना मोजायचे आणि काढताना पुन्हा मोजायचे, नाहीतर एखादा आतच राहतो. साखळीला दोरी बांधली की ती ओढून काढता येते.

घासण्याने गंज जातो, हे आपल्या शकुंतलेने कितीतरी वर्षं दाखवलं. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची रेल्वे. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. गाडी धावत होती तेव्हा चाकं रुळांचा माथा रोज घासत, म्हणून माथा चकाकायचा. बाजू मात्र तपकिरीच. गाडी बंद झाली आणि माथाही तपकिरी झाला.

पण छर्ऱ्यांना डोळे नसतात. सुटलेला गंज ते पाडतात. कोपऱ्यातला, जोडातला, खड्ड्यात बसलेला गंज तसाच राहतो. आणि फार जोर लावला तर चांगला पत्राही झिजतो.

दुसरा उपाय: आंबट

तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासताना आजीला पाहिलं असेल. चिंचेत टार्टरिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक आम्ल. ही आम्लं गंजातल्या लोखंडाला ऑक्सिजनपासून सोडवतात आणि पाण्यात विरघळवतात. सायट्रिक आम्ल तर सुटलेला लोखंडाचा कण चारी बाजूंनी धरून ठेवतं, त्याला पुन्हा पत्र्यावर बसू देत नाही. टाकीत चिंचेचा कोळ घातला तर चोथाच साफ करत बसावं लागेल, म्हणून गॅरेजवाले किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व घेतात. लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम. टाकी काठोकाठ भरायची आणि रात्रभर ठेवायची. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांतही हेच आम्ल असतं, पण लिंबाच्या मानाने फारच कमी. तेव्हा संत्री आपण खाल्लेली बरी!

इथेच आपल्या प्रश्नाचं उत्तर दडलं आहे. सौम्य आंबट द्रव आधी गंजावर तुटून पडतो आणि चांगल्या लोखंडाकडे सावकाश वळतो. वळतो मात्र नक्की! म्हणून मिस्त्री मधूनमधून झाकण उघडून बघतो, आणि पत्रा राखाडी दिसू लागला की लगेच पाणी ओततो. संडास धुवायचं कडक ॲसिड वापरणारेही असतात. ते काम भराभर करतं खरं, पण गंजाबरोबर पत्राही खातं आणि त्याची वाफ छातीला लागते. घाईचा हिशोब पत्र्याकडून वसूल होतो.

तिसरा उपाय: वीज

हा उपाय ऐकून चकित व्हाल. टाकीत पाणी भरायचं आणि त्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवायचा. टाकीच्या तोंडातून लोखंडाची एक सळई आत सोडायची, पण ती टाकीला कुठेही टेकू द्यायची नाही. मग बारा व्होल्टच्या चार्जरची उणे तार टाकीला आणि अधिक तार सळईला. थोड्या वेळात पाण्यात बुडबुडे येऊ लागतात.

गंज होताना लोखंडाने आपले इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. चार्जर टाकीला इलेक्ट्रॉन परत पुरवतो. लाल गंजाचा काळा ऑक्साइड होतो, त्याची पकड ढिली पडते, आणि पत्र्यापाशी निघणारे हायड्रोजनचे बुडबुडे त्याला सोडवतात. त्रास सगळा सळईला. ती बिचारी झिजत जाते, टाकीचा चांगला पत्रा मात्र वाचतो.

आणि एवढा वेळ पाण्यात बुडूनही टाकी गंजत कशी नाही? त्याचं कारण सोडा. सोड्याचं पाणी अल्कधर्मी असतं, आणि अशा पाण्यात लोखंडावर एक पातळ राखणारा थर तयार होतो. घराच्या स्लॅबमधल्या सळया सिमेंटमध्ये टिकतात त्या याच कारणाने. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवरातही सोड्याचा क्षार आहे. पण म्हणून कुणी लोणारचं पाणी टाकीत भरायला जाऊ नका. त्यात मीठही आहे, आणि मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन हा विषारी वायू निघू शकतो. सळई स्टेनलेस स्टीलची घेणंही वर्ज्य. तिच्यातल्या क्रोमियमपासून घातक रसायन बनतं.

विजेचा हा उपाय फक्त गॅरेजपुरता नाही. १७७० मध्ये कॅप्टन कुकचं ‘एंडेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाजवळ प्रवाळाच्या खडकावर अडकलं. ओझं कमी करायला खलाशांनी सहा तोफा समुद्रात ढकलल्या. जवळजवळ दोनशे वर्षं त्या खाऱ्या पाण्यात पडून होत्या. १९६९ मध्ये त्या वर काढल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या प्रयोगशाळेत अल्कधर्मी पाण्यात ठेवून वीज देऊनच वाचवल्या. कुठे कुकची तोफ आणि कुठे आजोबांची राजदूत, पण औषध एकच!

गंज गेला, आता पळा!

टाकी आतून स्वच्छ राखाडी झाली. झालं काम? छे! आता तर खरी धावपळ. गंज गेलेलं लोखंड अगदी उघडं असतं. ओलं राहिलं तर बघता बघता त्यावर नारिंगी झाक चढते. म्हणून आंबट पाणी काढलं की सोड्याच्या पाण्याने उरलेलं आम्ल मारायचं, गोड्या पाण्याने धुवायचं आणि लगेच वाळवायचं. या कामात अकोल्याच्या उन्हासारखा मदतनीस नाही. वाळल्याबरोबर आतून तेलाचा हात फिरवायचा. राजदूत आणि येझदीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. धूर व्हायचा, पण त्या ऑइलचा थोडा थर टाकीच्या पत्र्यालाही राखत असे.

काही जण फॉस्फोरिक आम्लाचं औषध वापरतात. त्याने लोखंडावर फॉस्फेटचा घट्ट थर बसतो. दिल्लीला कुतुबमिनारापाशी सुमारे १६०० वर्षांचा लोहस्तंभ उघड्यावर उभा आहे. कानपूरच्या आयआयटीतले शास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस बराच आहे आणि त्यामुळे वर राखणारा थर तयार झाला, असं त्यांनी दाखवलं.

आणि पुढे? चालती गाडी असेल तर टाकी भरलेली ठेवायची, म्हणजे हवेला जागा उरत नाही. वर्षभर उभीच राहणार असेल तर पेट्रोल काढून घ्यायचं, आतून तेल फिरवायचं आणि झाकण घट्ट लावायचं.

एक सक्त ताकीद. वरचे तिन्ही उपाय मोठ्यांनी करायचे. तुम्ही लांबून बघायचे. ‘रिकामी’ टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र असतात. हवेत दीड टक्का वाफसुद्धा भडका उडवायला पुरते. विजेच्या उपायात निघणारा हायड्रोजनही पेट घेतो. म्हणून टाकीजवळ काडी नाही, उदबत्ती नाही, बिडी ओढणारे काका तर मुळीच नाहीत.

करून पाहा

तुमच्यासाठी खिळे आहेत की! चार सारखे लोखंडी खिळे घ्या. नवीन चकचकीत खिळ्यांवर जस्ताचा थर असू शकतो, म्हणून साधे काळपट खिळे मागा आणि पॉलिश पेपरने घासून घ्या. सोनाराकडे किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाचं वजन करून वहीत लिहा.

पहिला खिळा कोरड्या बाटलीत ठेवा आणि सोबत नव्या बुटांच्या डब्यातली सिलिका जेलची पुडी टाका. बाटलीचं बूच घट्ट लावा. दुसरा उकळून निवलेल्या पाण्यात बुडवा आणि पाण्यावर खाद्यतेलाचा थर ओता. पाणी उकळल्याने त्यातली हवा जाते आणि तेल नवी हवा येऊ देत नाही. तिसरा खिळा फिल्टरच्या पाण्यात अर्धा बुडेल असा ठेवा. चौथा तसाच बोअरच्या खाऱ्या पाण्यात. ते नसेल तर पाण्यात चमचाभर मीठ घाला.

आठवडाभर रोज बघा. कुणाला आधी लागला, कुठे लागला, बुडालेल्या भागाला की पाण्याच्या काठाशी, ते लिहा.

मग सगळ्यात गंजलेला खिळा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी धुवा, पुसा, वाळवा. उरलेल्यांपैकी एक गंजलेला खिळा कडक कोऱ्या चहात ठेवा. तो काळा पडेल, कारण चहातलं टॅनिन आणि गंजातलं लोखंड मिळून काळा पदार्थ होतो. सातपुड्यातल्या हिरड्यातही भरपूर टॅनिन असतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांपासून पूर्वी शाई बनवत, ती याच युक्तीने.

आता लिंबूसत्त्वातला खिळा पुन्हा वजनकाट्यावर ठेवा. चकचकीत झाला असेल, पण हलकाही झाला असेल! समजा तो ०.०७ ग्रॅमने हलका भरला आणि हे सगळं लोखंड गंजात गेलं असं धरलं, तर पाणी न मोजता किती ग्रॅम गंज झाला असेल? वरचा सात आणि दहाचा हिशोब वापरा. उत्तर आलं की तेच गणित घरच्या राजदूतच्या टाकीतून निघालेल्या मूठभर गंजाचं करा आणि आजोबांना सांगा, त्यांच्या गाडीचा किती पत्रा मुठीत आला ते.